मैनाबाईच्या घराची इर्जिक

आढं नव्या घराच्या अंगणात आडवं पडलं होतं आणि शनिवारभर मैनाबाई येता-जाता त्याला वळसा घालत होती. साजाचं म्हणजे ऐनाचं लाकूड ते, पुरतं वाळलेलं नव्हतं, म्हणून जास्तच जड. घराच्या या टोकाच्या भिंतीवरून त्या टोकाच्या भिंतीपर्यंत ते जायचं आणि साऱ्या छपराचा भार त्यानं पेलायचा. भिंती तिनं स्वतः घातल्या होत्या. माती तुडवली, गोळे रचले, थर वाळला की पुन्हा वर चढली. वासे-कौलं मागाहून घरच्या घरी चढली असती, पण आढं चढवणं ही एकट्यादुकट्याची गोष्ट नाही. त्याला गाव लागतं, आणि गाव तिकडं साकोलीच्या बाजूला राहून गेलं होतं.

नाही म्हणायला थोडंसं गाव इथंही होतं. भिलाईत पहिली भट्टी पेटली त्या वर्षीचा हा उन्हाळा. कॅम्प एकच्या कडेला भंडारा जिल्ह्यातल्या लोकांची एक ओळ होती. सगळे मूळचे धानाचे शेतकरी, आता कोणी माती खोदणारा, कोणी खलासी, कोणी गाडीवर माल चढवणारा. भोंगा वाजला की निघायचं आणि भोंगा वाजला की परतायचं. एकमेकांच्या चुलीतला विस्तव नेत, भांडत, मुलांना एकाच वेळी ओरडत ही ओळ चार वर्षं नांदली. मग कारखान्याच्या रुळांची एक नवी फांदी नेमकी त्यांच्या झोपड्यांवरून जायची ठरली. पलीकडच्या मोकळ्या जागेत सरका, असं सांगितलं गेलं आणि मुदत दिली गेली. ती सोमवारी सकाळी संपत होती. त्यानंतर जुन्या झोपड्यांवर भरावाची माती पडणार होती.

दर रविवारी एकेक घर पलीकडे उभं राहिलं, तेही इर्जिकेनं. इर्जिक ज्यांना माहीत आहे त्यांनी एवढा मजकूर खुशाल ओलांडून जावा. ज्याचं काम अडलं त्यानं घरोघर सांगायचं, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांनी आपली अवजारं घेऊन हजर व्हायचं. मजुरीचं नाव काढायचं नाही. ज्याचं काम त्यानं पोटभर जेवू घालायचं, बस. उद्या तुमचं अडलं की तो तुमच्याकडे येणार. लिहून कोणी ठेवत नाही आणि विसरतही कोणी नाही. गावाकडे चिखलणी-रोवणी अशीच व्हायची, इथं घरं उभी राहिली.

सगळ्यांत शेवटी मैनाबाईचं घर उरलं. तिची जया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा लागलेला. जुन्या झोपडीच्या सावलीला पाय पसरून बसली की तिला उठवायला हात द्यावा लागे. सोमवारनंतर ती सावलीही राहणार नव्हती. म्हणून शनिवारी मैनाबाई पदर खोचून घरोघर निघाली.

"भय्याजी, उद्या आमच्याकडं इर्जिक हाय. आढं चढवाचं हाय. या बरं."

भय्याजी कडुनिंबाखाली दोर वळत बसले होते. ओळीतले सगळ्यांत वडीलधारे तेच. त्यांनी मान वर केली नाही. "बरं," म्हणाले.

धोंडबाही बरं म्हणाला. शेषरावाची बायको नवऱ्याच्या वतीनं "सांगतो यायले" म्हणाली आणि आत गेली. नुसतं बरं! एरवी ही माणसं इर्जिकेचं नाव काढताच वड्यांचा रस्सा करशील की वांगं, यावरून अर्धा तास खिदळायची. मैनाबाईला घाम फुटला तो उन्हाचा नव्हता.

शेवटचं दार शालिकरामाचं. तो घरी नव्हता. त्याची आई, सिंधुताई, उंबऱ्यावर डाळ पाखडत होती. ओळीतलं एकूण एक पोर या म्हातारीच्या हातावर जगात आलेलं. बोलायला तिखट, पण बाळंतिणीजवळ बसली की तिच्या हाताला वेगळीच ऊब यायची.

"जीजी, उद्याच्या जेवणाले मोठा गंज पायजे होता."

सिंधुताईनं आतून पंगतीच्या भाताचं ते भलंमोठं पातेलं, गंज, आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. "घासून आणजो," एवढंच म्हणाली. जया कशी आहे हे तिनं विचारलं नाही. मैनाबाईला तेच सगळ्यात जास्त लागलं.

या साऱ्यामागचं कारण तिला ठाऊक होतं. साऱ्या ओळीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या केवलरामाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला.

केवलराम माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, पत्ते नाहीत, बायकोवर हात टाकणं नाही. कारखान्यात खलासी होता. साखळ्या आणि कप्प्या लावून घराएवढाले लोखंडी सांगाडे वर चढवायचे, हे त्याचं काम, आणि त्यात तो मुरलेला. त्याला भिलाई चढली होती, एवढाच काय तो दोष. गावाकडे वर्षभर राबून हाती काय लागेल ते आभाळाला विचारावं लागे. इथं जितके तास तितकी मजुरी, आणि जादा तासांना जादा. या साध्या हिशेबावर तो असा खूश झाला की जगातली प्रत्येक गोष्ट त्याच हिशेबात बसवायला लागला.

शालिकरामाच्या घराची इर्जिक होती त्या रविवारी केवलरामाला ओव्हरटाईम मिळाला. मग यानं काय करावं? सकाळी मजुरांच्या चौकात गेला, एक धट्टाकट्टा गडी निवडला, त्याची दिवसाची मजुरी त्याच्या हातावर ठेवली आणि आपल्या जागी शालिकरामाकडे पाठवून दिला! वर शीळ घालत कामावर गेला.

मैनाबाई त्या दिवशी तिथंच होती, बायकांबरोबर भिंती सारवत. तो गडी आला, पागोटं सोडून आपल्या छत्तीसगढी बोलीत म्हणाला, "केवलराम भेजे हे. रोजी मिल गे हे." सिंधुताईचा सारवता हात भिंतीवरच थांबला.  गडी दिवसभर इमानानं राबला. शालिकरामानं त्याला जेवायलाही वाढलं. पण मैनाबाईला त्या दिवशी घास गिळवला नाही. आपल्या घरच्या माणसानं भर पंगतीत कोणाच्या तरी ताटात चिल्लर टाकावी, तसं तिला झालं होतं.

शनिवारी केवलराम कामावरून आला तेव्हा तिनं विषय काढला.

"तुमी एकडाव शालिकरामाच्या दारात जाऊन या."

"कायले?"

"त्याले म्हणा, चुकलं."

"का चुकलं माहं? सांग ना!" केवलराम पायातले बूट काढता काढता थांबला. "मी का घरी झोपून होतो? मी आलो नाही, पण माणूस तं धाडला ना? माह्यापेक्षा तगडा धाडला. शालिकरामाचं काय कमी पडलं?"

 कमी काहीच पडलं नव्हतं, उलट काम जास्तच झालं होतं. तरी काहीतरी मोडलं होतं, आणि ते कुठं मोडलं हे मैनाबाईला बोटानं दाखवता येत नव्हतं. अशा वेळी बाईमाणसाची जी चिडचिड होते ती तिची झाली.

"लोकायले नाही आवडलं."

"लोकायले काय! अवो, हे गाव नाही. इथं भोंग्यावर चालतेत माणसं. अन उद्या कोणी नाहीच आलं, तं चौकातून माणसं आणतो. दुपारपर्यंत आढं वर."

"अन जयाचं पोट दुखाले लागलं मंग? चौकातून बाई आणसान?"

केवलरामानं बूट काढून कोपऱ्यात ठेवले. शालिकरामाकडे मात्र गेला नाही. माफी मागायला जायचं तर आधी चूक दिसायला हवी, आणि ती त्याला खरंच दिसत नव्हती.

रविवारीही ओव्हरटाईम होता. तो मात्र त्यानं सोडला. भिलाईत आल्यापासून त्यानं जादा काम सोडल्याचं मैनाबाईला आठवत नव्हतं, त्यामुळं तिला थोडा धीर आला. तांबडं फुटताच तिनं नव्या जागेत तीन दगडांची चूल मांडली. गंजभर भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, पातोड्यांचा झणझणीत रस्सा. वासानं अख्खी ओळ जागी व्हावी असा रस्सा. मग दोघं आढ्याजवळ उभी राहिली.

कोणी येईना.

बायका तर सगळ्यांच्या आधी येतात, पोळपाट-लाटणी घेऊन, गप्पा मारत. एकही आली नाही. समोरच्या नव्या घरांची दारं उघडी होती, आत माणसं हललेली दिसत होती, पण बाहेर कोणी पाऊल टाकत नव्हतं. ऊन पायावरून गुडघ्यापर्यंत आलं. केवलराम दोराच्या गाठी पुन्हा पुन्हा तपासत होता. जयानं नव्या भिंतीच्या सावलीतून विचारलं, "माय, कोणी आलं का वो?" मैनाबाई चुलीकडं वळून लाकूड आत सारू लागली.

आणि मग कॅम्पाच्या बाजूनं माणसं येताना दिसली. चांगली घोळक्यानं, खांद्यावर फावडी. मैनाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं भराभर पत्रावळी काढल्या. तोंडानं देवाचं नाव घेत ती सामोरी गेली, आणि चार पावलांवर थबकली. त्यातला एकही चेहरा तिच्या ओळखीचा नव्हता.

पुढच्यानं विचारलं, "केवलराम के घर इही हे का?"

"हो."

"शालिकराम भेजे हे. रोजी मिल गे हे. बता दाई, का करना हे?"

दुसरा म्हणाला, "मोला धोंडबा भेजे हे."

तिसऱ्याला शेषरावानं पाठवलं होतं. प्रत्येक घराचा एकेक. ओळीतलं एकही घर सुटलं नव्हतं, सगळ्यांनी आपापली जागा भरली होती.

केवलराम आधी हसला. "पाय! मी म्हणत होतो ना? झालं ना काम?" हसता हसताच त्यानं कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याशा मजुराला विचारलं, "अन तुमाले कोणी धाडलं, बाबा?"

"भय्याजी भेजे हे."

केवलरामाचं हसू तिथंच विरलं. भय्याजींनी? त्यांना ना कामावर जायचं, ना ओव्हरटाईम. ते या घडीला कडुनिंबाखालीच बसलेले होते, इथून दिसत होते, दोर वळताना त्यांचा हात वरखाली होत होता. चार पावलं चालून यायचं सोडून त्यांनी मजूर लावला होता. कशातून? पोरगा तंबाखूला देतो त्यातून? भिलाईत आला तेव्हा केवलराम पहिलं वर्षभर याच माणसाच्या ओसरीवर झोपला होता. भय्याजींनी तेव्हा भाड्याचा शब्द काढला नव्हता, आणि केवलरामालाही तो सुचला नव्हता.

येणं फुकट होतं. न येण्यासाठी या माणसांनी पदरचे पैसे मोजले होते, ज्यांच्या घरात मीठही पुरवून वापरतात अशा माणसांनी. केवलरामाला जी भाषा कळते तिच्यातच त्यांनी त्याला सांगितलं होतं, आणि आता ते त्याला कळलं. मैनाबाईनं त्याच्या कानशिलाची शीर उडताना पाहिली. तिला त्याची दया आली, आणि रागही आला. अगोदर गेला असता तर?

"असू दे," केवलराम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माणसं आली हायत. चाला रे, दोर घ्या. आढं वर गेलं पायजे."

मैनाबाई पुढं झाली आणि आढ्यावर बसली. सरळ मांडी घालून.

"ऊठ, मैना."

"हे यायच्या हातानं नाही उठाचं."

"येडी झाली का? उद्या माती पडून राहिली तिकडं! पोरगी कुठं झोपन?"

"आभायाखाली झोपन. पण याच्याखाली नाही. या घरात मंग कोणी पाय टाकन का? ना बाळाले पाहाले, ना मले पोचवाले!"

 असा आवाज तिनं नवऱ्यापुढं जन्मात काढला नव्हता. मजूर एकमेकांकडं पाहू लागले. केवलरामानं दोराचं टोक मुठीत धरलं होतं. क्षणभर वाटलं, हा आता हिला ओढून काढतो. जया सावलीतून धडपडत उठायला लागली होती. मग केवलरामानं दोर खाली टाकला.

मैनाबाई मजुरांकडं वळली. "बसा भाऊ. जेवा अन घरी जा. तुमची रोजी तं झालीच हाय."

"काम नइ करे हन, दाई, त कइसे खाबो?"

"खा रे बाप्पा. रांधलं हाय ते कोणाले घालू?"

ती माणसं संकोचत बसली. पहिल्या घासानंतर संकोच गेला, आणि गंजाचा तळ दिसला तेव्हाच ती उठली. भय्याजींनी धाडलेला म्हातारा हात धुताना आढ्याकडं बघत म्हणाला, "हमर गाँव मं घलो अइसने छवावन घर. अब गाँवे नइ हे." त्याच्या गावातही घरं अशीच मिळून शाकारली जायची, आणि त्या गावाच्या जागी आता कारखान्याचं कुंपण होतं. तो फावडं उचलून गेला.

केवलराम उठला. त्यानं घमेलं घेतलं, फावडं घेतलं आणि चालू लागला. चौकात चालला असेल, नाहीतर कामावर, असं मैनाबाईला वाटलं. पण तो शालिकरामाच्या घराकडं वळला.

शालिकरामाच्या आवाराची भिंत अर्धी राहिली होती. कडेला मातीचा ढीग होता, माठात पाणी होतं. केवलरामानं सदरा काढला, मातीत पाणी ओतलं आणि तुडवायला सुरुवात केली. दारात शालिकराम उभा होता.  वैशाखातलं ऊन, माथ्यावर आलेलं. एकेका घराच्या दारात माणसं जमू लागली. स्वतःच्या डोक्यावर छप्पर नसलेला माणूस दुसऱ्याची भिंत घालत होता, आणि कोणी त्याला ना थांबवत होतं, ना हात देत होतं.

मैनाबाईनं राखेनं गंज लख्ख घासला आणि परत द्यायला निघाली. खरं तर तिला घरी बसवत नव्हतं. शालिकरामाच्या आवाराजवळ ती पोचली तेव्हा सिंधुताई बाहेर येत होती. म्हातारीची मूठ झाकलेली होती. भिंतीच्या बांधल्या थरावर तिनं ती उघडली. दिवसभराची मजुरी होती.

"घे बा," ती म्हणाली. "तुही रोजी."

 इतकं नका हो करू जीजी, असं मैनाबाईच्या ओठांवर आलं. तिनं ते गिळलं. चौकातल्या मजुरापुढं ठेवतात तशीच ती नाणी ठेवलेली होती, उन्हात चमकत. घेतली तर हा मजूर. फेकली तर उद्यापासून वैरी. सगळी दारं बघत होती.

केवलरामानं नाण्यांकडं पाहिलं, मग म्हातारीकडं. त्याचे डोळे लाल झाले होते. तो वाकला, दोन्ही हातांनी मातीचा मोठा गोळा उचलला आणि नाण्यांवर ठेवला. तळव्यानं दाबला, कडा सारख्या केल्या आणि त्याच्याशेजारी दुसरा गोळा ठेवला. भिंत पुढं सरकली.

 भिंतीत गेलेली ती मजुरी सोडणं सिंधुताईच्या घरालाही जडच होतं. मग ती आत गेली. किती वेळ गेला कोण जाणे, मैनाबाईला तो फार वाटला. म्हातारी परत आली तेव्हा तिच्या हातात ताट होतं. भात, वरण, बाजूला कांदा. ताट तिनं सावलीत ठेवलं.

"हात धू," म्हणाली.

केवलरामानं हात धुतले. बसला. पहिला घास तोंडात घातला आणि लहान पोरासारखा रडला, घास तोंडात तसाच. शालिकराम दारातून खाली उतरला आणि त्याच्यापुढं पाण्याचा लोटा ठेवून म्हणाला, "जेव आधी. मंग चाल. दिवस हाय तवर आढं वर जाऊ दे."

पुढचं सांगायला फार नाही. सगळे आले. भय्याजी आपण वळलेला नवा दोर खांद्यावर टाकून आले. केवलरामानं हाळी दिली, साऱ्यांनी जोर लावला, आढं दोनदा अडलं, एकदा धोंडबाच्या बाजूनं निसटता निसटता सावरलं, आणि मावळतीच्या आत दोन्ही भिंतींवर जाऊन बसलं. खांद्याची सालं निघालेल्या माणसांनी खाली टेकून घाम पुसला. आणि तेव्हा मैनाबाईच्या लक्षात आलं की चुलीवर काही नाही. गंज रिकामा, तांदूळ संपलेले. इर्जिकेला आलेली माणसं दारात बसलेली आणि घालायला घास नाही! ती चुलीपाशी मटकन बसली.

सिंधुताई तिच्याजवळ आली. दगडाला टेकून बसत म्हणाली, "राहू दे वो आज. जयाच्या पोराच्या बारशाले जेवू." मग जयाकडं एक नजर टाकून, तिचं पोट किती उतरलं ते जोखून, तोच जुना तिखट आवाज तिनं लावला. "त्याच्या आगोदर मले तं बलवशीन ना? का तिथंबी चौकातली बाई लावाची हाय?"

सगळी माणसं हसली. केवलरामही मान खाली घालून हसला. मैनाबाईनं म्हातारीचे दोन्ही हात धरले आणि ते बराच वेळ सोडले नाहीत.